राज्य आलं तवा मी फाटकावर व्हतो

देवाचं राज्य म्हंजी काय, ह्ये अख्ख्या मुळशी तालुक्यात माज्याइतकं कुनालाच कळत न्हाई, चर्चच्या पाळकांनाबी न्हाई. कारन त्ये राज्य येकदा आमच्या कोळवणच्या खोऱ्यात पायी चालत आलंवतं, आन त्येला अडवून, तोंडावर शिट्टी वाजवून, डोंगराचा वळसा घालून जायाला लावनारा गडी मीच हाय.

माजी साळा दुसरीत सुटली. मास्तर म्हनायचे ह्येच्या डोक्यात काय शिरत न्हाई, आन मास्तरांचं बराबर व्हतं, डोक्यात आदीच लोकांच्या नकला भरल्यावत्या, जागा कुटनं ऱ्हानार. त्यामुळं ह्ये मी बोलतोय आन नात मोबाइलवर लिवून घेतीया. मदीच थांबून इचारती, "आजोबा, असंच लिहू?" मी म्हंतो लिव. तिला वाटतं आजोबा गंमत सांगत्यात. गंमतच सांगतोय, मला दुसरं येतंय काय. पन पोटात राग हाय, आन त्यो नवा न्हाई. आये म्हनायची, राग आन लोनचं सारखंच, झाकून ठिवलं की मुरतं. माजा बरनीभर मुरलाय.

आमचं घर वढ्याच्या अल्याड, पत्र्याचं. गावात किरिस्ताव म्हनून येवढं येकच. बा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा, आन आये आमची भाताची दोन खाचरं बघून दुसऱ्यांच्या शेतावर राबायची. सांजच्याला येष्टी फाट्यावर वळली, तिचा हॉर्न ऐकू आला, की बा हात धुवून बसायचा. चुलीवर सुकटीची चटनी चरचरायची, तांदळाची भाकरी टोपल्यात पडायची, तिचा वास नाकात शिरला की बा म्हनायचा, डोळं मिटा. पावसाळ्यात पत्र्यावर येवढा आवाज, की देवाला ऐकू जावं म्हनून बा वरडून प्रार्थना करायचा, आन पलीकडं पाटलाची म्हस बुजायची. प्रभूची प्रार्थना आमी समदे मिळून म्हनायचो. ती काय लांब न्हाई, भरभर म्हनली तर भाकरी गरम ऱ्हाती. पन तिच्यात रोजच्या भाकरीच्या आदी देवाचं राज्य येतं. आन 'तुजं राज्य येवो' म्हनलं की बा तितंच थांबायचा, येष्टीचा डायवर मदीच गाडी लावून च्या प्यायला उतरतो तसा. मंग आमाला समजावून सांगायचा. येक दिस आभाळ उघडंल, तुतारी वाजंल, मुकादम, तलाठी, जंगलखात्याचा सायब समदे भाईर रांगंत उभे ऱ्हातील आन आपुन आत बसू.

"तवर काय करायचं, बा?"

"तवर मागायचं आन गप बसायचं."

आये येक डोळा उघडा ठिवून भाकरीकडं बघायची, मांजर येतंय का म्हनून. बा राज्यावरनं हलायचा तवर चटनी गार, भाकरी वातड. मला त्या राज्याचा तवापासनंच राग. पन खरं सांगतो, त्या राज्यात आपली जागा कुटली त्येबी मी मनात ठरवून ठिवलंवतं. देवाच्या शेजारी बसायची मला हौस न्हवती. मला फाटक पायजे व्हतं. हातात काठी घिऊन उभं ऱ्हायाचं, मुकादम आला की म्हनायचं, नाव काय, कुनाकडं काम हाय, बाजूला थांबा. देवानं माजं ऐकलं. बा इतकी वर्सं मागत व्हता त्येचं ऱ्हायलं बाजूला आन माजं आदी ऐकलं, ह्येचं मला आजबी नवल वाटतं.

झालं असं की पुन्यातल्या येका साहेबांनी वढ्याच्या पल्याडची जमीन घेतली. साहेब आमच्याच धर्माचे, तिकडं चर्चच्या मंडळीत त्यांना मोठा मान. त्यांनी बंगला बांदला, म्होरं हिरवळ केली, गुलाब लावले, आन वढ्यापासनं डोंगराच्या पायापत्तुर दगडी भित घातली. भितीत येक लोखंडी फाटक. त्या जमिनीतनं बैलगाडीची जुनी वाट जायाची. पल्याड डोंगराच्या कुशीत कातकरी वाडीवरल्या लोकांची खाचरं व्हती. फाटकातनं गेलं की धा मिंटं. फाटक बंद आसलं तर खिंडीतनं वळसा, दीड तास, आन पावसाळ्यात त्या खिंडीत शेळीबी जपून पाय टाकती. साहेबांनी कुनालाच जाऊ नका म्हनलं न्हाई. ते म्हनले, "ज्याला जायचंय त्यानं विचारून जावं." आन कुनाला इचारायचं, तर मला.

"फाटकावर मला आपला माणूस हवाय," साहेब बाला म्हनले. बाची छाती येवढी फुगली की सदऱ्याचं बटान गेलं. मला खाकी कापडं मिळाली, टोपी मिळाली, शिट्टी मिळाली. प्यांट आदल्या वॉचमनची, आन त्यो दोन मानसांचा मिळून येक व्हता. मी ती नाड्यानं बांदायचो, आन सलाम ठोकताना येका हातानं धरून ठिवायचो. पयल्याच हप्त्यात साहेबांच्या सासूबाईंना अर्धा तास भाईर उभं केलं. त्या म्हनल्या, ओळखत नाहीस का मला. मी म्हनलं न्हाई, नाव सांगा. साहेब पोट धरून हसले, म्हनले असाच माणूस पाहिजे. त्या दिसापासनं मला वाटाया लागलं, ही भित माज्याच आधारानं उभी हाय. गावातल्या पोरांना मी शिट्टी वाजवून हाकलायचो. ज्या पोरांबरुबर कालपत्तुर वढ्यात खेकडं धरलेवते, त्यांनाच.

आता सावडीचं सांगतो. भाताची आवनी, म्हंजी राबातलं, दाट पेरलेल्या वाफ्यातलं, रोप उपटून खाचरात लावायचं काम, येकट्यादुकट्याचं न्हाई. म्हनून सावड. आज तुमी समद्या माज्या शेतावर, उद्या मी तुमच्या शेतावर. कुनी कुनाला पैसा देत न्हाई, ज्येचं शेत त्यानं दुपारचं जेवान घालायचं, खेकड्याचा रस्सा आन भाकरी. आमच्या सावडीत पाटलाची सून चंद्रावयनी व्हती, माजी आये व्हती, आन वाडीवरली पारू आत्या व्हती. समद्या येका वळीत वाकलेल्या. चिखलात कुनाची जात दिसत न्हाई. बांदावर चडलं की दिसती, मंग पानीबी वरनं वतत्यात. पन चिखलात तरी न्हाई.

पारू आत्या माजी सख्खी आत्या न्हवं, ती कातकऱ्याची. नवरा कोळशाच्या भट्टीवर लांब गेला त्यो आलाच न्हाई. तान्ही पोरगी आन येक खाचर, येवढंच तिचं. त्या खाचरात पिकलं तर वरीसभर चूल पेटनार, न्हाईतर पोरगी घिऊन तिलाबी भट्टीवर जावं लागनार. त्या साली तिचा राब रानडुकरांनी उलथापालथा केला. आये म्हनली, आमच्या राबात रोप हाय, त्ये न्हे. पारू आत्यानं सावडीत समद्यांच्या शेतावर आपले दिस भरले, आन तिची सोताची पाळी आली समद्यांत शेवटी, रईवारी. रोपाचं वय चाललंवतं. शनवारी सांजला त्ये उपटून मुठी बांदून ठिवल्या. उपटलेलं रोप बसवून ठिवलं की तापतं, सडतं. म्हंजी रईवारीच लावायचं, न्हाईतर न्हाईच.

बा भडकला. "रईवार परभूचा हाय. रईवारी चिखलात जातीस?"

"रईवार परभूचा," आये म्हनली, "आन रोप कुनाचं?"

बाला उत्तर सुचलं न्हाई, म्हनून त्यो उपाशी ऱ्हायला. आमच्यात उत्तर सुचलं न्हाई की उपास धरत्यात.

दर रईवारी साहेबांकडं पुन्यासनं गाड्या यायच्या. व्हरांड्यात सतरंज्या टाकायच्या, येक पोरगं गिटार वाजवायचं, आन मंग उपासना. त्या दिसी लई पाव्हने व्हते. बारीक पाऊस लागलावता. मी टोपी घालून, काठी टेकून उभा. बगतो तर वाटंनं सात बाया. डोईवर निळा प्लास्टिकचा कागद, त्येच्यावर रोपाच्या पाट्या, पाट्यांतनं पानी गळतंय आन त्ये नाकावरनं खाली येतंय. म्होरं आये, तिच्यामागं पारू आत्या, पाठीला पोरगी बांदलेली.

"उघड रं," आये म्हनली.

"आज न्हाई, आये. आत पाव्हने हायेत."

"मंग?" चंद्रावयनी म्हनली. "आमी काय त्यांच्या ताटावर बसायला आलोय?"

बाया हसल्या. मीबी हसलो. मंग टोपी सारखी केली. "इचारून येतो."

"इचार बाबा," चंद्रावयनी म्हनली. "तुजी प्यांट तुला सोडती का त्येबी इचार."

व्हरांड्याच्या पायरीवर वल्या चपलांची रांग. आतनं कॉफीचा वास, केकचा वास. पाव्हने पाळक उपदेश करत व्हते, आन इशय कंचा तर नेमकं आमच्या बाचं ठिकान, 'तुजं राज्य येवो'. काय गोड बोलत व्हते. म्हनले, हे राज्य म्हणजे राजवाडा नाही, देवाची सत्ता आपल्या हृदयात यावी ही विनंती आहे, आपण रोज दार उघडून तिला आत घेतलं पाहिजे. लोक डोळं पुसत व्हते. मीबी पुसले, येकाच हातानं, दुसरा प्यांटीला. मंग समदे उभे ऱ्हायले आन प्रार्थना सुरू झाली, तीच, आमच्या पत्र्याखालची. टोपी काखंत मारून मीबी डोळं मिटलं. 'तुजं राज्य येवो' मी जरा जोरातच म्हनलं, साहेबांच्या कानावर पडावं म्हनून. देवाला ऐकू जावं म्हनून बा वरडायचा, मी साहेबांना ऐकू जावं म्हनून वरडलो. भित हाकंच्या अंतरावर, फाटकापल्याड सात बायकांच्या डोईवर पाट्या, आन मी आत उभा ऱ्हाऊन राज्य मागतुया.

प्रार्थना झाली तवा साहेबांच्या कानाशी लागलो. साहेबांनी डोळं न उघडताच ऐकलं. "आज नको रे. उद्या ये म्हणावं. एवढे लोक आलेत, समोरून चिखलाचे पाय जाणार, बरं दिसतं का?"

"व्हय साहेब."

रोप उद्यापत्तुर ऱ्हात न्हाई, येवढंच मला सांगायचं व्हतं. माज्या बापाच्या सात पिढ्या भातात गेल्या, मला सांगायला कुनी शिकवायची गरज न्हवती. न्हाई सांगितलं. लोक आता मला म्हंत्यात, ते साहेब ढोंगी व्हते. न्हवते. त्या मानसाची प्रार्थना खोटी न्हवती, त्यानं खरंच डोळं मिटलेवते, आन ह्याचाच मला जास्ती राग. खोट्या मानसाला शिव्या दिऊन मोकळं व्हता येतं. खरं मनापासनं राज्य मागनारा मानूस चिखलाचे पाय नगं म्हंतो, त्येचं काय करायचं? आन त्येचा निरोप घिऊन पळत सुटनाऱ्याचं काय करायचं, ह्ये तर इचारूच नगा.

फाटकापाशी आलो. बाया तशाच उभ्या.

"उद्या या म्हनलेत."

"उद्या ह्येची भाजी करायची का?" पारू आत्या म्हनली. तिची पोरगी पाठीवर रडत व्हती.

"आत काय चाललंय?" आयेनं इचारलं.

"प्रार्थना."

"कंची?"

"आपलीच."

आयेनं डोईवरली पाटी सारखी केली. चंद्रावयनी म्हनली, "ढकला गं ह्येला. ह्यो काय अडवतुया, काडीपैलवान." आन ती म्होरं आलीबी. तवा आयेनं हात आडवा केला आन मला इचारलं, "तू उघडलंस तर तुजी नोकरी जाईल?"

"जाईल."

तिनं माज्या टोपीकडं बघितलं, शिट्टीकडं बघितलं. "मंग नगं," म्हनली आन खिंडीकडं वळली. तिच्यामागं पारू आत्या, आन मंग समद्या.

हितंच मी गप बसलो असतो तर निदान आज सांगायला येवढी लाज वाटली नसती. पन मी इनोदी मानूस. कुनाचं तोंड पडलं की मला करमत न्हाई. मी शिट्टी तोंडात घातली, जोरात फुकली आन वरडलो, "लेफ्ट राइट, लेफ्ट राइट." वाटलं बाया हसतील. येकबी हसली न्हाई. येकीनंबी मागं वळून बघितलं न्हाई. आयुष्यात मी लई इनोद केले, लग्नात, मयतीत, कचेरीत. समद्यांत वाईट इनोद त्यो. त्ये निळे कागद खिंडीच्या चढाला लागले, मंग ढग खाली उतरला आन काय दिसंना.

दुपारी मला ताट आलं. पुलाव, कटलेट, वर मनुके घातलेला केक. मी केबिनीत बसलो आन खिंडीकडं पाठ करून जेवलो. समदं खाल्लं. वाढायला आलेल्या बाईला इचारलं, आनिक कटलेट हाय का.

चार वाजता गाड्या गेल्या, साहेबबी गेले. शेवटच्या जीपला सलाम ठोकला, उरलेला केक कागदात गुंडाळला आन निगालो, आतल्या वाटंनं. धा मिंटंबी लागली न्हाईत. खाचरापाशी जाऊन बगतो तर निम्मं खाचर हिरवं आन निम्मं नुसतं चिखलाचं पानी. खिंडीत चंद्रावयनीचा पाय घसरला, गुडगा फुटला, आन तिची पाटी आन मागनं येनारीची पाटी, दोनी खाली दरीत. सकाळचा वकुत गेला त्यो गेलाच. आये वाकलेली व्हती. तिनं मान वर केली, मला बघितलं, परत वाकली.

"केक आनलाय," मी म्हनलं.

"ठिव बांदावर," पारू आत्या म्हनली. "खेकडं खातील."

मी खाकीसकट चिखलात उतरलो. नाडा तुटला. प्यांट चिखलानं भरली आन भरली म्हनूनच अंगावर ऱ्हायली, येवढीच देवाची किरपा. मी रोप लावायचो आन मागं बघायचो तर त्ये पान्यावर तरंगत व्हतं. बापय मानसानं आवनी करायची आमच्यात रीत न्हाई, त्यो गाळ करतो, मुठी फेकतो, लावती बाई. पारू आत्या माजी तरंगनारी रोपं गोळा करत मागनं येत व्हती. "ह्येनं लावलेलं परत लावाया येक बाई जास्तीची लागती," म्हनली. तवा कुटं बाया हसल्या, दिसभरात पयल्यांदा. मी चिखलात उभा ऱ्हाऊन रडत व्हतो, पन पाऊस व्हता, त्यामुळं माजी इज्जत वाचली.

अंधार पडायच्या आत आमी समदे आतल्या वाटंनंच परत आलो. आन फाटक सताड उघडं. पाटलाची म्हस, वाडीवरली गुरं, समदी हिरवळीवर. गुलाबाची नुसती काटकी ऱ्हायलीवती. आता मंडळीत साक्ष द्यायची येळ आली की लोक म्हंत्यात, याकूब भाऊंनी फाटक उघडून दिलं. मीबी लई वर्सं मान हालवली. खरं त्ये हाय की केक सांबाळायच्या नादात मी फाटक लावायचं इसरलो. म्हशीला आत घेतलं ती माजी चूक, आन आयेला आडवलं ती माजी अक्कल.

त्या सांजला बा प्रार्थनेला बसला. दिसभराचा उपाशी, तोंड कडू. आये चिखलाचे पाय धुवून चुलीपाशी. प्रार्थना सुरू झाली, राज्य आलं, बा थांबला, तुतारीपत्तुर पोचला असंल तवर आये म्हनली, "थांबा."

आमच्या घरात बाला प्रार्थनेत कुनी थांबवलं न्हवतं.

"सावडीत आपुन म्हंतो, माज्या शेतावर या," आये म्हनली. "म्हंजी नुसतं त्यांनीच यायचं का? आपुनबी त्यांच्या शेतावर जायाचं असतं. जो नुसता बोलावतो आन जात न्हाई, त्येला फुडल्या साली सावडीत कुनी घेत न्हाई. तुमी रोज देवाला बोलावताय, ये, ये. त्येच्या शेतावर कंदी गेलाय?"

"त्येचं शेत कुटं असतंय?" बा म्हनला.

"आज पारूचं व्हतं."

आये भाकरी वाढाया लागली, आमेन व्हायच्या आदीच. बा भाकरीकडं बगत बसला.

सोमवारी साहेब परत आले. गुलाब बगून बोलले न्हाईत, मला बगून बोलले. "तुला मी आपला माणूस म्हणून ठेवला होता." त्येच्यावर काय म्हनायला पायजे व्हतं त्ये मला आता बरोबर येतं. रोज आंघोळ करताना म्हंतो. म्हंतो, साहेब, आपला मानूस फाटकाभाईर उभा व्हता, डोईवर पाटी घिऊन. तवा काय म्हनलो? तवा म्हनलो, "चुकलं साहेब," आन टोपी काढून दिली. प्यांट अंगावरच व्हती, ती नंतर आयेनं धुवून, तांब्यात इस्तू घालून इस्त्री करून पोचती केली. घडी अशी घातली की साहेबांच्या घरी तशी कुनी घालत नसंल.

मी घरी आलो तर बा न्हवता. खडीवरबी गेला न्हवता. सांजला आला, गुडग्यापत्तुर चिखल. आमच्या खाचरात गेलो तर बांदाच्या कडंचं लावलेलं रोप उपटलेलं, लांबच लांब पट्टा मोकळा. त्यानं आपल्या शेतातलं रोप काढलं, पाटीत घातलं, खिंडीतनं वळसा घालून न्हेलं आन पारू आत्याच्या खाचरात सोता वाकून लावलं. दमेकरी मानूस. बायकांचं काम करताना गावानं बघितलं आन वरीसभर हसलं. वळी वाकड्या आल्यावत्या. समदं खाचर काय भरलं न्हाई, येक कोपरा ऱ्हायलाच मोकळा, आन त्यो मोकळा कोपरा माजा. पन भात झालं. पारू आत्या भट्टीवर गेली न्हाई. नाताळाला सूपभर नवे तांदूळ घिऊन आली, आयेनं त्येचाच भात केला. त्या दिसापासनं बा प्रार्थनेत राज्यापाशी थांबंना झाला. सावकास म्हनायचा, जरा कचरून, कागदावर आंगठा उठवताना मानूस कचरतो तसा, आन म्होरं जायाचा. भाकरी गरम मिळाया लागली. तुतारीचं त्यानं परत कंदी काडलं न्हाई.

आता आये न्हाई, बा न्हाई. खोऱ्यात भितीच भिती, आन परतेक भितीला फाटक, परतेक फाटकावर ढगळ प्यांटीतलं येक पोरगं, कुनी बिहारचं, कुनी मराठवाड्याचं. लेकानं भुकूमला सातव्या मजल्यावर घर घेतलं, मी तितं असतो. हितंबी फाटक हाय. धुन्याभांड्याच्या बायांना येगळी लिफ्ट, आन ती बंद पडली तर जिना. मी सोसायटीच्या सभेत उठून बोललो, लई तावातावानं. येक बाई म्हनल्या, काका किती इनोदी बोलतात. म्हंजी लिफ्टचं काय झालं न्हाई.

आन परवाच्या रईवारचं सांगतो, म्हंजी ह्यो राग मी कुनावर काडतोय त्ये तुमाला कळंल. घरी प्रार्थनेला लोक बोलावलेवते. सुनेनं केक केलावता. बोलायचं मलाच व्हतं, आन मी हेच सांगत व्हतो, सावड, फाटक, शिट्टी, समदं. लोक रंगलेवते. येकीनं तर डोळं पुसले. तेवढ्यात फाटकावरनं फोन. वॉचमन हिंदीत म्हनला, कोई बुढिया आई है, झोला है, बोलती है याकूब का घर. मी म्हनलं, "बिठाव उसको, प्रार्थना चालू है." आन म्होरं बोलाया लागलो. 'तुजं राज्य येवो' म्हनून डोळं मिटले तवा मला सगळं लख्ख दिसलं.

लिफ्ट यायची वाट बघितली न्हाई, सात मजले जिन्यानं उतरलो. फाटकाभाईर, उनात, प्लास्टिकच्या खुर्चीवर पारू आत्या. पाक वाळून गेलीया, केस पांडरेफेक. कोळवणवरनं येष्टीनं आलेली, पायाशी नव्या तांदळाची पिशवी. अर्ध्या तासाच्या वर झालावता. मी तिचे पाय धरले. म्हनलं, आत्या, चुकलं, आत मी तुजंच सांगत व्हतो, त्यात राज्य येवो म्हंजी काय त्येच लोकांना सांगत व्हतो, आन तू आलीस तर पुन्ना मीच तुला...

"त्ये ऱ्हाऊ दे," पारू आत्या म्हनली. "मोरी कुटं हाय त्ये दाव आदी. मगाधरनं दाबून बसलेय."